औजारघर आणि उंदराची वाट

महाराष्ट्राच्या शेतीत गेल्या दोन पिढ्यांत यंत्रे आली. ती कर्ज काढून, अनुदान मिळवून किंवा चार-दहा शेतकऱ्यांनी गट करून आणली. परंतु ती ठेवायची कोठे, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी चार खांब आणि वर पत्रा यापलीकडे उत्तर मिळालेले नाही. ट्रॅक्टर निवडताना अश्वशक्ती, डिझेलचा खप, सुट्या भागांची उपलब्धता यांचा बारकाईने विचार करणारा शेतकरी त्या ट्रॅक्टरच्या निवाऱ्याचे काम मात्र गवंड्याच्या सवयीवर आणि उरलेल्या पैशावर सोपवतो, आणि असा निवारा ऊन-पाऊस अडवत असला तरी उंदराला तो अडवत नाही, एवढेच नव्हे तर अनेकदा त्याला उत्तम आसरा देतो. ही उणीव क्षुल्लक मानण्याजोगी नाही; कारण यंत्र जसजसे अधिक नाजूक होत चालले आहे, तसतसे त्याच्या निवाऱ्यातील प्रत्येक फटीचे मोल वाढत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतात आला, तेव्हा त्यात उंदराने कुरतडावे असे काही नव्हते. वखर, कुळव, तिफण यांत लाकूड असले तरी त्याची दुरुस्ती गावातल्या सुताराकडे होत असे. आजच्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे. त्यात प्लॅस्टिकचे वेष्टन असलेल्या तारांचे जुडगे असतात, इंधनाच्या रबरी नळ्या असतात, हवा गाळणारा कागदी फिल्टर असतो आणि आसनाखाली फोम असतो. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीपेक्षा अधिक क्षमतेच्या ट्रॅक्टरांना ‘ट्रेम-4’ हे धूर-उत्सर्जनाचे नवे निकष लागू झाल्यानंतर या वर्गातील इंजिनांमध्ये इंधनाचा दाब आणि वेळ संगणकीय नियंत्रकाने ठरवण्याची पद्धत रूढ झाली, आणि तिच्याबरोबर संवेदकांची व त्यांच्या बारीक तारांची संख्याही वाढली. अशी एक तार तुटली की यंत्र जागेवर उभे राहते, दोष नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी कंपनीचा कारागीर तालुक्याच्या गावाहून यावा लागतो, आणि हे घडते ते बहुधा वापशाच्या, म्हणजे जमिनीत पेरणीयोग्य ओल असलेल्या, हातात मोजकेच दिवस असलेल्या काळात. कारण यंत्र बिघडल्याचे ते सुरू करतानाच कळते.

उंदीर तार कुरतडतो ती खाण्यासाठी नव्हे. कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या वर्गात, वरच्या व खालच्या जबड्यातील पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. या दातांच्या पुढच्या बाजूस कठीण कवच असते आणि मागची बाजू मऊ असते, त्यामुळे घासताना मागची बाजू लवकर झिजते व पुढची धार पटाशीसारखी तीक्ष्ण राहते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असल्याने ओठ आत मिटून घेऊन कुरतडलेला चुरा तोंडात न जाऊ देता काम करणे या प्राण्याला जमते, आणि म्हणूनच लाकूड, रबर, प्लॅस्टिक, शिसे, मऊ ॲल्युमिनियम, कच्चा गिलावा यांपैकी कशाचीही चव त्याच्या आड येत नाही. वाट मोठी करणे, घरट्यासाठी मऊ काथ्या मिळवणे आणि दात झिजवणे ही त्याची तीन कामे एकाच कृतीत साधतात. शेतातून नुकत्याच आलेल्या ट्रॅक्टरचे बॉनेट रात्रभर ऊब धरून असते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत इंजिनाच्या माथ्यावर किंवा फिल्टरच्या पेटीत गवत-चिंध्यांचे घरटे झालेले आढळते. असे घरटे धुराड्याच्या नळीजवळ असेल तर ते पेट घेण्याचाही धोका असतो, आणि उंदराच्या मूत्राने धातूच्या जोडण्या गंजतात, हे नुकसान तर लवकर डोळ्यांना दिसतही नाही.

महाराष्ट्रातील औजारघराला भिडणारे कृंतक एकाच स्वभावाचे नाहीत. घरातला काळसर उंदीर चढण्यात तरबेज असतो आणि छतातून येतो; लहान आणि मोठी घूस जमीन पोखरत येते; घरातली चिमुकली उंदरी आणि शेतातले छोटे उंदीर दाराखालच्या फटीतून येतात. म्हणून केवळ भिंत बंद करून किंवा केवळ जमीन पक्की करून भागत नाही. शिवाय त्यांच्या येण्याला ऋतू असतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की ते उंच आणि कोरड्या जागेकडे सरकतात. खरीप व रब्बीच्या काढणीनंतर रान मोकळे झाले की पुन्हा सरकतात. उसाच्या पट्ट्यात ही हालचाल विशेष ठळक असते, कारण बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस हे उंदरांचे दीर्घकाळ न मोडणारे आश्रयस्थान असते आणि गळीत हंगामात तोड सुरू झाली की तेथील सारी वस्ती बांधाच्या, गोठ्याच्या आणि शेडच्या दिशेने निघते. ऊसफडाला चिकटून बांधलेल्या औजारघराने हा लोंढा दरवर्षी येणार हे गृहीत धरूनच उभे राहिले पाहिजे.

धान्य साठवणाऱ्या माणसाने या शत्रूचा विचार फार पूर्वीच केला होता, आणि यंत्रांच्या निवाऱ्याची आखणी करताना त्या विचाराकडे वळून पाहणे उपयोगाचे आहे. कणगी, म्हणजे बांबूच्या किंवा तुराट्यांच्या विणलेल्या भांड्याला शेणमातीने लिंपून केलेले कोठार, दगडांवर उचलून ठेवले जाई. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीतच बळद काढलेले असे. आणि सोलापूर, सांगली, सातारा या भागांत जमिनीत पेव खणून त्यात धान्य ठेवण्याची रीत होती. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती आणि 2005 च्या महापुरात त्यांतील अनेकांची हानी झाली. पेवाचे तोंड बंद केल्यावर आतला प्राणवायू हळूहळू संपतो, म्हणून कीडही टिकत नाही आणि उंदीरही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा कोठीत कच्च्या विटांच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घातलेला असतो, पण बाहेरच्या भिंतीचा तळाकडचा भाग मात्र भाजक्या विटांचा करतात. हा तपशील लहान दिसत असला तरी उंदीर कोठून सुरुवात करतो याचे अचूक निरीक्षण त्यामागे आहे. स्पेनच्या वायव्येकडील धान्यकोठारे दगडी खांबांवर उभी असतात आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर बाहेर आलेली सपाट शिळा असते, कारण खांब चढून आलेल्या उंदराला उलटे लटकून तिची कड ओलांडता येत नाही. या साऱ्या रचनांत समान सूत्र एकच आहे, की साठवण्याची वस्तू जमिनीपासून किंवा हवेपासून तोडली जाते. दोन टनांचा ट्रॅक्टर मात्र खांबांवर उचलून ठेवता येत नाही आणि पेवात पुरता येत नाही. तो रोज चाकांवर आत-बाहेर जाणार, त्यासाठी साडेतीन-चार मीटर रुंदीचे दार लागणार, आणि ते दार जमिनीला टेकलेलेच असणार. औजारघराची खरी अडचण येथे आहे.

इमारतच उंदराला रोखील अशी बांधावी ही कल्पना आधुनिक काळात धान्यापेक्षाही प्लेगच्या भीतीने पुढे आणली. 1896 साली मुंबईत मांडवी भागात, जेथे बंदरालगत धान्याची गोदामे दाटीने उभी होती, प्लेगचे पहिले रुग्ण मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. 1898 साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसवांचा या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. आणि त्यानंतर घराची जमीन, भिंत, छत यांच्याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहणे जगभर सुरू झाले. 1911 साली पूर्व जावामध्ये प्लेग उफाळला, तेव्हा उंदीर बांबूच्या पोकळ वाशांत घरटी करतात हे ध्यानात आले आणि तेथील डच राजवटीने पुढच्या दशकांत लाखो घरांच्या छतांची व भिंतींची पुनर्रचना करवली. त्या मोहिमेत सक्ती होती, लोकांवर कर्जाचा भार पडला, आणि त्याबद्दल तिच्यावर टीका झालीच पाहिजे. तरीही पोकळी म्हणजे उंदराचे घर, हा तिचा धडा आजच्या पोकळ ब्लॉकच्या भिंतीला आणि दुहेरी पत्र्याच्या छतालाही तंतोतंत लागू पडतो. महाराष्ट्राला तर याची आठवण फार जुनी नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभरातच बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीचा प्लेग आढळला, तेव्हा भूकंपाच्या धास्तीने माणसांनी सोडलेल्या आणि धान्य तसेच राहिलेल्या घरांत उंदीर वाढले हे त्याचे एक कारण मानले गेले.

औजारघराची आखणी करताना सर्वांत आधी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो टाळल्यामुळेच बहुतेक शेड फसतात. पूर्ण उघडा, उंच छताचा, कोबा केलेला, आत काहीही न रचलेला मांडव उंदराला फारसा आवडत नाही, कारण तेथे आडोसा नसतो आणि घुबडाची नजर पोचते. पूर्ण बंद आणि काळजीपूर्वक बांधलेली इमारत त्याला आत येऊ देत नाही. परंतु तीन बाजूंनी पत्रा ठोकलेले, खाली वीतभर फट राहिलेले, कोपऱ्यात पोती आणि टायर रचलेले अर्धवट शेड त्याला ऊन, पाऊस, घुबड आणि मांजर या चौघांपासूनही वाचवते. पैसा थोडा असेल तर अर्धवट बंद करण्यापेक्षा उघडे ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे, हे मत बांधकाम करणाऱ्यांना रुचत नाही, पण ते अनुभवाशी जुळते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे इमारतीचे दोन भाग करणे: नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली अशा ज्यांत कुरतडण्याजोगे थोडेच असते त्या औजारांसाठी उघडा मांडव, आणि ट्रॅक्टर, फवारणी यंत्र, पेरणी यंत्र, बॅटऱ्या, पट्टे, ठिबकच्या नळ्या यांच्यासाठी त्याला लागून एक लहान, पण खरोखर बंद असलेली खोली. अशा रीतीने महाग काम थोड्या लांबीच्या भिंतीवर आणि एकाच दारावर करावे लागते.

बंद खोलीचे भवितव्य पायात ठरते. घूस भिंतीला अंग घासत खाली उकरत जाते. तिला अडवण्यासाठी भिंतीच्या बाहेरच्या बाजूस सुमारे 60 सेंटिमीटर खोल काँक्रीटचा पडदा नेऊन तळाशी तो 30 सेंटिमीटर बाहेर वळवावा, म्हणजे त्याचा छेद इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा होतो. उकरत खाली गेलेली घूस या आडव्या पट्टीवर येऊन थांबते, आणि मागे फिरून पट्टीच्या कडेला वळसा घालून पुन्हा खणावे हे तिला सुचत नाही. प्राण्याच्या सवयीचा असा उपयोग करून घेणारी रचना जाड भिंतीपेक्षा स्वस्त पडते. मात्र काळ्या जमिनीत एवढ्याने भागत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगा उंदरांना आयत्या वाटा होतात, आणि मातीच्या या हालचालीने कोबा उचलला जाऊन त्यालाही तडे जातात. म्हणून काळी माती काढून तिच्या जागी मुरूम थराथरांनी, पाणी मारून आणि धुमसून भरणे, जोत्याची तुळई सलग ओतणे आणि जेथे माती फार खोल आहे तेथे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर कंद असलेल्या खांबांचा पाया घेणे हा खर्च उंदरापासूनच्या संरक्षणाचाच भाग समजावा. माळावरच्या मुरमाड जमिनीत यातले बरेच वाचते, आणि शेतकऱ्याला जागा निवडण्याची मुभा असेल तर त्याने विहिरीजवळचा काळा पट्टा सोडून माळाची कड धरावी.

जमिनीचा कोबा ट्रॅक्टरचे वजन पेलेल एवढा, म्हणजे 12 ते 15 सेंटिमीटर जाडीचा, आणि भिंतीशी सांधा न सोडता केलेला असावा. दगडमातीच्या भिंतीत उंदीर पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तेव्हा भिंत विटांची किंवा भरीव ब्लॉकची, सिमेंटमध्ये बांधलेली हवी, आणि बाहेरून जमिनीपासून एक मीटर उंचीपर्यंत गिलावा घोटून गुळगुळीत केलेला हवा, म्हणजे चढणाऱ्या उंदराच्या नखांना पकड मिळत नाही.

दाराचा विचार मात्र सविस्तर केला पाहिजे, कारण उत्तम पाया आणि उत्तम भिंत असलेल्या इमारतीही दारापाशीच हरतात. चिमुकल्या उंदरीला 6 मिलिमीटरची फट पुरते आणि मोठ्या उंदराला सुमारे 12 मिलिमीटरची. गवंडी आणि लोहार यांच्या व्यवहारात एवढे अंतर फट म्हणून मोजलेच जात नाही. ग्रामीण भागात सर्रास बसवले जाणारे गुंडाळते शटर तीन ठिकाणी उघडे असते: खालची पट्टी आणि उंचसखल कोबा यांच्यामध्ये, बाजूच्या खोबणीत, आणि वर जेथे शटर गुंडाळले जाते तेथील पेटीत. खालच्या बाजूस केवळ रबरी पट्टी लावली तर ती एका हंगामात कुरतडली जाते. म्हणून उंबरठ्याच्या जागी काँक्रीटमध्ये लोखंडी अँगल पातळीत बसवून त्याची वरची कड एका रेषेत घासून घ्यावी आणि शटरची खालची पट्टी त्यावर धातूला धातू असा टेकेल हे पाहावे. बाजूंच्या खोबणींत ताठ तारांचे ब्रश बसवता येतात, आणि वरची पेटी पत्र्याने पूर्ण झाकावी लागते. दोन पल्ल्यांचे लोखंडी दार हे या दृष्टीने शटरपेक्षा सोपे आहे, मात्र दोन पल्ले मिळतात तेथे आतून पट्टी हवी आणि दार लाकडी असल्यास खालच्या 30 सेंटिमीटरला गॅल्व्हनाइज्ड पत्रा दोन्ही बाजूंनी ठोकावा. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की माणसांच्या ये-जा करण्यासाठी एक लहान, आपोआप मिटणारे दार वेगळे ठेवावे. नाहीतर पाना किंवा ग्रीसचा डबा आणण्यासाठी मोठे शटर गुडघाभर उचलले जाते आणि दिवसभर तसेच राहते, आणि मग मिलिमीटरांचा सारा हिशेब व्यर्थ होतो.

छताविषयी थोडक्यात सांगता येते. पन्हळी पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीखाली, भिंतीच्या माथ्यावर, उंदीर सहज जाईल असे भोक राहते. ते त्याच आकाराच्या धातूच्या पट्टीने किंवा सिमेंटने बुजवावे. फोमने ते बुजवणे म्हणजे घरट्याचे सामान पुरवणे होय. वायुवीजनासाठी 6 मिलिमीटर छिद्रांची वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी वापरावी. कोंबड्यांची षट्कोनी जाळी येथे निरुपयोगी आहे. छताजवळ आलेल्या बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांद्या आणि खांबावरून थेट छतात शिरणारी विजेची तार हे चढणाऱ्या उंदराचे पूल असतात.

इमारत पूर्ण झाल्यावर उरतो तो वहिवाटीचा भाग, आणि येथे उंदराच्या दोन स्वभावविशेषांची माहिती उपयोगी पडते. पहिला स्पर्शानुगमन, म्हणजे मिशा आणि अंग भिंतीला लावून चालण्याची प्रवृत्ती. दुसरा नवभय, म्हणजे ओळखीच्या जागेत नवी वस्तू दिसली की मोठ्या उंदराने काही दिवस तिच्यापासून दूर राहणे. पहिल्यामुळे भिंतीलगत अर्धा मीटर पट्टा रिकामा ठेवला तर लेंड्या, ठसे आणि कुरतडल्याचा चुरा तेथेच प्रथम दिसतो, आणि बाहेरच्या बाजूस भिंतीभोवती मीटरभर रुंद खडीचा पट्टा गवताविना ठेवला तर उकरलेली माती लगेच लक्षात येते. दुसऱ्यामुळे सापळा लावल्यावर पहिल्या काही रात्री त्याला उंदीर शिवत नाही, आणि अनेक जण तेवढ्यात सापळा वाईट ठरवून उचलून टाकतात. तो न हलवता तसाच राहू द्यावा लागतो.

यंत्रांच्या खोलीत खाण्याची कोणतीही वस्तू असू नये हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार कठीण आहे, कारण शेतकऱ्याकडे बंद होणारी खोली एकच असते आणि पेंड, भरडा, बियाण्याच्या पिशव्या, शेंगांची पोती तिच्यातच येतात. या अडचणीला दोष देऊन उपयोग नाही; आखणीतच खाद्यासाठी झाकणाची पत्र्याची कोठी किंवा गोठ्याकडचा स्वतंत्र कप्पा धरला पाहिजे. कडब्याची गंजी शेडला टेकवून रचण्याची सवयही अशीच जागेच्या टंचाईतून आलेली आहे. मळणी यंत्र आणि हार्वेस्टर तर स्वतःच धान्याचे कोठार असतात: त्यांच्या उचलपट्ट्यांत, ड्रमखाली आणि चाळण्यांच्या कडांना पायली-अर्धी पायली दाणा अडकून राहतो, आणि ही यंत्रे वर्षातले बहुतेक महिने उभी असल्याने उंदराला अन्न आणि आसरा एकाच ठिकाणी मिळतो. हंगाम संपताच सर्व झडपा उघडून, यंत्र रिकामे फिरवून आणि हवेच्या झोताने झाडून मगच ते आत घ्यावे. ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी जमिनीवर न टाकता भिंतीपासून सुटलेल्या लोखंडी आडव्या दांडीवर टांगावी.

विषाचा उल्लेख सर्वांत शेवटी येतो तो मुद्दाम. झिंक फॉस्फाइडच्या आमिषाने आजारी पडून वाचलेला उंदीर पुन्हा तसे आमिष खात नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे हळू काम करीत असल्याने ही अडचण टाळतात, पण विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात गेला की विषही जाते. एका बाजूने फटी उघड्या ठेवायच्या आणि दुसऱ्या बाजूने रात्रभर उंदीर टिपणाऱ्या घुबडाला मारायचे, यात शेतीचे दुहेरी नुकसान आहे. धामण हीदेखील बिनविषारी असून बिळात शिरून उंदीर धरते, आणि शेडजवळ ती दिसताच काठी उचलण्याची सवय सुटायला हवी. चिचुंद्रीला तर उंदीर समजून मारले जाते, वस्तुतः ती कृंतक नाही, तिचे मुख्य खाणे किडे आहे आणि तारांशी तिला कर्तव्य नसते.

गावोगावी उभ्या राहणाऱ्या औजार बँकांच्या, म्हणजे गटाने यंत्रे घेऊन भाड्याने देण्याच्या केंद्रांच्या बाबतीत या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. तेथे लाखो रुपयांची यंत्रे अनेकांच्या सामायिक मालकीची असतात आणि शेडची जबाबदारी कोणा एकाची नसते. म्हणून तेथे तोंडी सूचनांवर विसंबून चालत नाही. नकाशावर पायाच्या पडद्याची खोली, आडव्या पट्टीची रुंदी, जाळीचे छिद्र, दाराखालचे कमाल अंतर हे सारे आकड्यांत लिहिलेले असावे आणि ठेकेदाराच्या करारात ते आलेले असावे. जमिनीखालचा पडदा माती लोटल्यावर पुन्हा कधीच दिसत नाही आणि नेमका तोच भाग घाईत किंवा काटकसरीत वगळला जातो. त्यामुळे चर उघडा असतानाच गटातील दोघा-तिघांनी टेप घेऊन चारही बाजूंना मापे घ्यावीत, कोपऱ्यांत आडवी पट्टी सलग वळली आहे की नाही हे वाकून पाहावे, आणि त्या पाहणीनंतरच चर बुजवण्याची व पुढच्या हप्त्याची परवानगी द्यावी.